कबुतराच्या गाठी आणि बंड्याचा निकाल

इंदूरच्या रामबागेत पोह्यांच्या गाडीजवळ काल कट्टा तापला तो एका कबुतरावरून. डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी, पायांवर चामखिळींसारख्या गाठी. बंड्याने लांबूनच निकाल दिला, "बर्ड फ्लू! नगर निगमला फोन लावा."

त्याची भीती अगदीच हवेतली नाही. 2020 संपता संपता डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मेले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा एच5एन8, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, निघाला होता.

"भिया, फ्लूने अशा गाठी येत नाहीत," मुकुंदा म्हणाला. "या देवी आहेत." त्याने महूकडे कोंबड्या पाळलेल्या, त्यामुळे आवाजात जरा मालकी होती. "पिल्लांना पंखाच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने लस टोचतो आम्ही. आठवडाभराने तिथे खपली दिसली, की समजायचं लस लागली."

"म्हणजे आपल्यालाही होणार?" शेखरची जिलेबी हातातच.

"नाही रे. माणसाची देवी 1980 साली जगातून गेली म्हणून जाहीर झालं. त्याच कुळातली ही पाखरांची शाखा, ॲव्हीपॉक्स. कोंबडीचा विषाणू निराळा, कबुतराचा निराळा, कॅनरीचा निराळा. आपल्या पेशीत शिरला तरी तिथे त्याची वीण होत नाही. म्हणून तर कॅनरीचा विषाणू लशी वाहून न्यायला वापरतात. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या आजारावरच्या एका लशीत तो आहे. थायलंडमध्ये 16,000 हून जास्त लोकांवर एचआयव्हीच्या लशीची चाचणी झाली, तिच्यातही तोच होता."

इथे बंड्या गप्प बसेल असं वाटणाऱ्याने बंड्याला पाहिलेलंच नाही.

"मग याला कुठून लागली?"

"डास चावून, नाहीतर जखमेतून. धड कातडीतून तो शिरत नाही. नुसत्या गाठी असल्या तर तीन-चार आठवड्यांत खपल्या गळतात, पाखरू वाचतं. घशात पिवळट चट्टे धरले तर मात्र गुदमरून जातं. आणि गळलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. तेव्हा दाण्याचं ताट धूत जा, साचलेलं पाणी ओत."

"धुवायला मी दाणे टाकतो का? टाकतोस तू, बसतात माझ्या गॅलरीत! देवी सोड, ती वाळलेली घाण उडून छातीत जाते त्याचं काय? फुप्फुसांचा आजार होतो त्याने, डॉक्टर सांगतात."

यावर मुकुंदाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बंड्याचा हा मुद्दा बिनतोड होता. शेखरने जाळीचा विषय काढला. खर्च दाणे टाकणाऱ्याने करायचा की गॅलरीवाल्याने, यावर पोह्यांची दुसरी प्लेट संपली.