कदम, कदंब आणि कळंब

चुलतभावाच्या लग्नात देवक बसवायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जुंपली. आडनाव कदम, देवक कळंब. पुण्यात कळंबाची डहाळी आणायची कुठून? धाकट्यानं सोसायटीच्या फाटकापाशी लावलेल्या कदंबाची तोडून आणली. आत्यानं पान हातात धरलं. "ह्यो न्हवं आपला कळंब. आपल्याची पानं ल्हान, अन् फुलाचा गोंडा बोराएवढा."

आत्याचं बरोबर होतं. फाटकावरचा कदंब पावसाळ्यात लाडवाएवढे केशरी चेंडू धरतो. आमच्या डोंगरावरचा कळंब त्याच कुळातला, पण झाड निराळं.

शब्दाची गंमत पुढेच आहे. संस्कृत कदंबाचं प्राकृतात कलंब झालं, मराठीत कळंब. झाड असं लोकांच्या तोंडात घोळून गुळगुळीत झालं, आडनावात मात्र 'द' तसाच राहिला आणि शेवटचा 'ब' गळला. मला वाटतं, याला कारण कदंब राजघराण्याच्या नावाचा दबदबा. (पाऊल या अर्थाचा कदम अरबीतून आलेला, त्याचा आमच्याशी संबंध नाही. शाळेत पीटीच्या तासाला 'कदमताल' ऐकला की पोरं माझ्याकडे बघून दात काढायची, ते वेगळं.)

आता कुटुंबाच्या ग्रुपवर दर महिन्याला फिरणारा मेसेज: 'आपण बनवासीच्या कदंब राजांचे वंशज!' असूही. पण आडनाव जुळलं म्हणजे वंशावळ जुळली, हे मला पटत नाही. देवकावरून पडलेलं नावही असू शकतं.

आणि त्या राजांना तरी नाव कुठून मिळालं? कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात तळगुंदला ५व्या शतकातला स्तंभलेख आहे. त्यात लिहिलंय, घराजवळ कदंबाचं झाड होतं, घरच्यांनी ते निगुतीनं जपलं, त्यावरून घराण्याचं नाव पडलं. संस्थापक मयूरशर्मा कांचीला वेद शिकायला गेलेला. तिथे पल्लव राजांच्या घोडेस्वाराशी भांडण झालं, अपमान झाला आणि पठ्ठ्यानं दर्भ टाकून तलवार धरली. म्हणजे राज्य मागाहून आलं, अंगणातलं झाड आधीचं. मला मिरवायचंच झालं तर मी झाड मिरवीन. गोव्यातल्या कदंबांचंही राज्य गेलं, नाव तिथल्या सरकारी बसवर राहिलं.

डहाळी शेवटी गावाहून आली, रात्रीच्या एसटीनं, ओल्या फडक्यात गुंडाळून. सकाळी गुरुजींनी काही न विचारता दोन्ही डहाळ्या एकत्रच बांधल्या. आत्या अजून बोलत नाहीये धाकट्याशी.