कालव्यावरचा बंगला आणि न्हाणीघराचं मागचं दार

नमस्कार,

नीरा डाव्या कालव्याकाठच्या जुन्या निरीक्षण बंगल्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "साहेबांच्या ऐषारामासाठी आमच्या माणसांनी दगड वाहिले. त्या वास्तूचं कौतुक कसलं? पडू द्या." अशा बंगल्यांत चालणाऱ्या पार्ट्यांवरचा रागही तुम्ही लिहिलाय. हे मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. न्हाणीघराला बाहेरून उघडणारं वेगळं दार आहे. लेखात मी त्याला हवेशीर म्हणून मोकळा झालो. मैला उचलणाऱ्या माणसानं घरात पाऊल न टाकता यावं आणि तसंच परत जावं, यासाठी ते दार होतं. त्याचा दगडी उंबरा मधोमध झिजलाय. हे लेखात यायलाच हवं होतं. आज भर घातली आहे.

पण ऐषारामाचं मला पटत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाचे चटके बसलेल्या या मुलखाला कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात मिळू लागलं. रात्री कुणी कालव्याची पाणी अडवणारी दारं उचलली की टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची, शेतं कोरडी. ते बघायला अधिकाऱ्यानं कालव्यावरच मुक्काम करायचा, सकाळी घोड्यावरून पुढचा टप्पा तपासायचा, म्हणून हे बंगले. भिंतींवर ऊन येऊ नये म्हणून व्हरांडा, वर उंच कौलारू छप्पर, धुराचा त्रास नको म्हणून स्वयंपाकघर लांब. माझे वडील कालवा निरीक्षक होते. उन्हाळी आवर्तनात, म्हणजे उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की, त्याच व्हरांड्यात टेबल टाकलेलं असायचं, आणि टेलचे शेतकरी पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज घेऊन पायऱ्यांवर बसलेले. कंदिलाच्या उजेडात साहेब नोंदवही उघडून एकेका चारीचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाचं, पाणी विचारायचे. लहानपणी मी हे पाहिलंय.

पार्ट्यांबद्दलचा तुमचा राग मात्र माझाही आहे. एका विश्रामगृहात रीतसर आरक्षण असताना रात्री साडेनऊला आम्हाला खोली सोडावी लागली, कारण कुणा नेत्याची माणसं येणार होती. आई बरोबर होती, सत्तरीची. तो संताप अजून गेलेला नाही. पण म्हणून बंगला पडू दिला तर अधिकाऱ्याला कालव्यावर राहायची उरलीसुरली जागाही जाईल. आता गाडी सकाळी येते, दुपारी परत फिरते. रात्री दारं कोण उचलतं, हे बघायला तिथं कुणीच नसतं.

तुम्ही टेलच्या गावचे आहात, असं लिहिलंय. पुढचं उन्हाळी आवर्तन सुटलं की कळवा. मी येतो, आपण रात्री मिळून चारी फिरू.