चारच्या आत

पुढच्या फेरीचे सर्वेक्षण फोनऐवजी एसएमएसने करायचे, असे आज दुपारच्या बैठकीत जेमतेम दहा मिनिटांत ठरले. एका कॉलच्या खर्चात किती संदेश जातात, एवढाच हिशेब पडद्यावर होता. मी तिथे गप्प बसले आणि आता इथे राग काढते आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरूनच फोनवर प्रश्नावल्या भरत होते. माजलगाव तालुक्यातल्या एका बाईंना विचारले, "गेल्या सात दिवसांत घरात कोणाला अन्न कमी पडले का?" त्या म्हणाल्या, "नाही." मी खूण करणार, एवढ्यात हळूच म्हणाल्या, "लेकरं जेवली. माझं काय, बघते मंग." एसएमएसवर त्यांचे उत्तर आले असते २, म्हणजे नाही.

तेही आले असते तर! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशभरात ५४ टक्के होत्या आणि त्यांतल्याही ७१ टक्क्यांनाच संदेश वाचता येत होता. म्हणजे शंभरातल्या साधारण अडतीस. उरलेल्यांची उत्तरे घरातला आठवीतला नातू भरणार आणि आपण त्याला महिलांचे मत म्हणणार!

स्वस्ताईचेही ऐका. एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. वरचा प्रश्न मी आत्ता मोजला, ४८ भरला; पुढे 'होय असल्यास १, नाही असल्यास २ पाठवा' जोडले की ८४. झाले दोन संदेशांचे पैसे.

हल्ली अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, हे खरे आहे. नवरा शेजारी बसलेला असताना मारहाणीबद्दल बोलण्यापेक्षा मुकाट आकडा पाठवणे बाईला सोपे जाते, हेही मला मान्य करावे लागते. फक्त तो फोन तिच्या हातात हवा.

हिशेब मांडणाऱ्या मुलावर माझा राग नाही. तो हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याने 'नाही' नंतरचे ते चार सेकंद कधी ऐकलेले नाहीत, इतकेच. मीही त्या दिवशी फोन लवकर ठेवला असता, तर ऐकले नसते.

त्या बाईंनी शेवटी सांगितले होते, "परत करायचा तर चारच्या आत करा, चारला पोरगा फोन घेऊन जातो." मी ते प्रश्नावलीच्या समासात लिहून ठेवले होते. आजच्या निर्णयाप्रमाणे संदेश संध्याकाळी सहाला सुटणार आहेत, कारण त्या वेळी म्हणे लोक निवांत असतात.