वाफेनं करोना विरघळत नाही

सर्दी-तापाचे दिवस आले की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. ‘करोना म्हणजे चरबीचं आवरण असलेला निर्जीव कण. चरबी उष्णतेनं वितळते, म्हणून दिवसातून तीनदा वाफ घ्या. माळव्याच्या उन्हात तो टिकतच नाही. मास्कची छिद्रं विषाणूपेक्षा मोठी, तेव्हा मास्क निरुपयोगी. कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो.’ यातलं आवरणाचं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच भरवशावर बाकीचं सगळं खपतं.

आधी वाफ. साबण विषाणूचं आवरण फोडतो, हे बरोबर. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं चरबीत घुसतं. २० सेकंद नीट चोळलं की आवरण फाटतं. हाताला ते सोसतं, कारण त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. घशाच्या आत असं कवच नाही. त्यातून विषाणू पेशीत शिरतो कसा ते पाहा. त्याच्या पृष्ठभागावरचा काटा पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आवरण पेशीच्या पटलात मिसळून जातं, आणि आत उतरतो तो सुमारे ३०,००० अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती. म्हणजे पेशीत विषाणूच्या नकला निघायला लागतात तेव्हा वितळवायला ते आवरण उरलेलंच नसतं. नव्या विषाणूंना मिळणारं आवरणही आपल्याच पेशीच्या आतल्या पटलांतून घेतलेलं असतं. त्याला मारणारी उष्णता पेशीलाही जिवंत सोडणार नाही. प्रयोगशाळेत हा विषाणू निष्क्रिय करायला ५६ अंश सेल्सिअसवर साधारण अर्धा तास ठेवतात. नाकात तेवढं तापमान तेवढा वेळ ठेवलं तर आतलं अस्तर भाजेल. चोंदलेलं नाक मोकळं वाटावं म्हणून मोठ्यांनी वाफ घ्यायला हरकत नाही, पण उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर कधीच ठेवू नका. गादी दबते, पातेलं कलंडतं आणि मांड्या भाजतात. लहान मुलांना वाफ देऊच नका.

उन्हाचं उत्तर २०२१ सालानेच दिलं आहे. दुसरी लाट ऐन एप्रिल-मे महिन्यांत आली. ऊन बाहेर असतं. संसर्ग होतो तो बंद खोलीत. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत घेतो, पण समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तरच आतली बाहेर पडते. घरात कुणी आजारी असेल तर एवढं आधी करा.

मास्कबद्दलचा मुद्दा ऐकायला पटतो, म्हणून तो जास्त घातक. विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे खरं. पण तो उघडा उडत नाही. बोलताना, खोकताना निघणाऱ्या थेंबांत आणि सूक्ष्म तुषारांत तो असतो. आणि एन-९५ मास्क म्हणजे काही पिठाची चाळणी नव्हे. त्यात पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या विद्युतभारित तंतूंचं दाट जाळं असतं. मोठे कण तंतूंवर आदळतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तंतूंना चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. चाचणी त्याच आकारावर होते आणि तिथेही किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. मास्क निकामी होतो तो आपल्या हातून. साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारला की तंतूंवरचा भार जातो. नाकावरची पट्टी दाबली नाही तर हवा फटीतून जाते. चष्म्यावर वाफ धरली तर समजा, फट आहे. झडपेचा मास्क तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो, त्यामुळे आजाऱ्याने तो वापरू नये. लक्षणं दिसायच्या साधारण २ दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू शकतो, म्हणून ‘मला तर काहीच होत नाहीये’ हे मास्क उतरवायचं कारण होत नाही.

कापराने नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा पुरचुंडी त्याच्या हाती लागू देऊ नका. पुरचुंडीऐवजी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर जवळ ठेवा. नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून गरम करा, ५ मिनिटं शांत बसा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. पुन्हा मोजूनही तो ९४ टक्क्यांच्या खाली आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.