काका, भुईकाट्यावर जाऊन आलो

नमस्कार काका,

उत्तराला आठ दिवस लागले त्याबद्दल सॉरी. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगायचं तर डोकंच फिरलं होतं, एक तिखट उत्तर टाइप करून पण झालं होतं, पण बायको म्हणाली आधी जेव आणि मग बघ. जेवल्यावर परत वाचली आणि मग लक्षात आलं की या माणसाने एक प्रश्न असा विचारलाय की ज्याचं उत्तर माझ्याकडे नाहीये.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पिकअप कॅम्पिंगसाठी कशी तयार केली त्या माझ्या लेखावर काकांनी लिहिलं की हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, १९८६ साली ते एसटीने जाऊन तिथून पायी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेले आणि एका घोंगडीत गुहेत झोपले, कुणाचं काही अडलं नाही. दुसरं म्हणजे हे मॉडिफिकेशन कायद्यात बसत नाही. तिसरं, सगळं सामान पुण्यातून भरून नेता, मग ज्या गावात मुक्काम करता त्या गावाला काय मिळतं? आणि चौथं, काका म्हणतात, मी वीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढली आहेत, एवढं लादलंय ते काट्यावर घातलंत का कधी?

तर काका, नव्हतं घातलं. तीन वर्षांत एकदाही नाही. लेखात मी प्रत्येक वस्तूची किंमत लिहिली, वजन एकाचंही लिहिलं नाही, हे तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी हिमाचलमधल्या स्पितीला जाताना जशी भरतो तशीच भरली, टाकी फुल, पाणी फुल, टपावर तंबू, बायकोला शेजारी बसवलं (ती कटकट करत आली) आणि आमच्याकडच्या खडी क्रशरजवळच्या भुईकाट्यावर गेलो. काट्यावरचा मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि विचारतो, "काय भरलंय, कांदा का?" मी म्हटलं नाही, संसार. पन्नास रुपये घेतले आणि स्लिप दिली. आरसीवर जे भरलेलं वजन लिहिलंय त्याच्यापेक्षा १२० किलो जास्त. मला वाटलं काटा चुकीचा असेल, तर तो मुलगा म्हणाला मागेपुढे दहा किलो धरा, शंभर नाही.

मग तुम्ही सांगितलेलं केलं, पुढची चाकं काट्याच्या बाहेर आणि फक्त मागची चाकं काट्यावर. खरी गोम तिथे कळली. जवळपास सगळा जास्तीचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर होता. म्हणजे स्पितीच्या वाटेवर ग्राम्फू ते बातलच्या रस्त्यावर चढाला स्टिअरिंग हलकं हलकं लागत होतं, आणि मी लेखात "उंचीमुळे पॉवर कमी पडते" वगैरे काहीतरी ठोकून दिलं होतं, ते कारण वेगळंच होतं. मागच्या चाकांच्याही मागे जो भार जातो तो नुसता मागे दाबत नाही, पुढचं नाक उचलतो. तराजूच आहे तो. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे जे यूट्यूब बघून गाडी बनवतात त्यांच्यासाठी लिहितोय.

घरी आल्यावर सगळा हौदा (पिकअपची सामान भरायची मागची जागा) पार्किंगमध्ये रिकामा केला. सोसायटीतल्या लोकांना वाटलं आम्ही घर सोडतोय. भाजीवाल्याकडून काटा आणला आणि एकेक वस्तू ठेवत गेलो. ड्रॉवर १८ एमएमच्या मरीन प्लायचे, ते एकटे ६४ किलो, रिकामे! विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आणि तिची प्लेट ३८. तो ट्रॅक्टरवाल्यांसारखा लांब जॅक १३. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, यात वाद नाही. किराणा आणि भांडी मिळून तीसच्या वर, त्यात एक बिडाचा तवा जो मी फक्त फोटोसाठी नेतो (हे आज पहिल्यांदा कबूल करतोय).

विंच काढली. काका तुम्ही लिहिलंत की "विंच कधी वापरली ते सांगा", तर कधीच नाही. एक किस्सा सांगायला हवा, त्याच रस्त्यावरच्या छत्रूच्या पुढच्या नाल्याचा. तिथले नाले बर्फाच्या वितळत्या पाण्याचे, सकाळी घोट्याएवढे असतात आणि ऊन चढलं की दुपारी तीन-चारला गुडघ्याच्या वर जातात, म्हणून सकाळी लवकर ओलांडायचे हा साधा नियम. आम्ही चहा पीत बसलो आणि दीड वाजता पोचलो. मी फोर बाय फोर लावून, खाली उतरून, काठीने पाणी मोजून, बायकोला व्हिडिओ काढायला उभं करून तयारी करतोय तोवर मागून एक लोकल अल्टो आली, हॉर्न मारला आणि निघून गेली. सरळ. त्या ड्रायव्हरला कुठला दगड कुठे आहे ते माहीत होतं. विंच काय करणार होती तिथे? आता ओढायचा एक स्ट्रॅप, तो अडकवायच्या दोन शॅकल (कड्या), चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड आणि फावडं एवढंच ठेवलंय. अडकलोच तर मागून येणारा ट्रक ओढतो, त्या रस्त्यावर कुणी कुणाला सोडून जात नाही.

हवेच्या मुद्द्यावर मात्र मी ऐकणार नाही. टायरची हवा कमी करणं म्हणजे टायर जाळणं असं तुम्ही लिहिलंत. हायवेवर शंभर टक्के बरोबर, भरलेली गाडी कमी हवेवर पळवली की साइडवॉल तापते आणि फुटते. पण मी हवा काढतो ती गोट्यांच्या रस्त्यावर, जिथे १५ च्या वर स्पीड जातच नाही, आणि डांबर लागलं की थांबून कॉम्प्रेसरने परत भरतो. शिवाय मनालीत, म्हणजे साधारण २०५० मीटरवर, भरलेली हवा कुंझुम ला ला (हा दुसरा "ला" म्हणजे खिंड नव्हे, आपला मराठी प्रत्यय), म्हणजे ४५०० च्या वर, गेजवर ३ पीएसआय जास्त दिसते, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो. थंडीने त्यातली थोडी परत उतरते. गेज आणि कॉम्प्रेसर गाडीतून काढणार नाही, मिळून तीन किलो पण नाहीत.

तसंच कुकरचं. "कुकर नेलात, मिक्सर का नाही नेलात" हे वाचून हसलो मी, पण काका, स्पितीतल्या चंद्रताल तळ्याच्या उंचीवर पाणी ८५-८६ डिग्रीलाच उकळतं, नुसत्या पातेल्यात भात लावला तर तासभर उकळून पण मधे कणी राहते आणि गॅस संपतो तो वेगळाच. साडेतीन लिटरचा कुकर राहणार. पण स्टोव्हबद्दलचा तुमचा शब्द मानला, लेखातल्या फोटोत तो कॅनॉपीच्या (हौद्यावरच्या बंद टपाच्या) आत दिसतोय. त्या दिवशी वारा होता म्हणून मागचा फाळका अर्धा लावून आत चहा केला. चूक होती. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचला की वास येत नाही, कळत नाही, झोप येतेय असं वाटतं आणि विषय संपतो. आता स्टोव्ह उघड्या फाळक्यावरच, आणि वारा असेल तर बिस्किट खायची.

फ्रिजही तुम्ही चोचल्यांत धरलात ते जरा लागलं. आई ६८ वर्षांची आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते, गुडघे गेलेत. तिला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पावसाळ्यात बघायचं होतं आणि किन्नौरमधलं सांगला बघायचं होतं. पुणे ते सांगला जाताना मे महिन्यात राजस्थानात गाडी उन्हात उभी राहिली की आत काय होतं ते तुम्ही ट्रकमध्ये अनुभवलं असेल, इन्सुलिन तिथे टिकत नाही. थर्मासमध्ये बर्फ घालून एकदा नेलं होतं, बर्फाला चिकटलेली एक कार्ट्रिज गोठली आणि टाकून द्यावी लागली. म्हणून तो ३५ लिटरचा फ्रिज आणि त्यासाठी लिथियमची १०० एएचची बॅटरी. ती ११ किलोची आहे, आधीची लेडची २९ होती. फक्त शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नाही, म्हणून ती हौद्यात न ठेवता केबिनमध्ये सीटच्या मागे ठेवलीय, तेवढाच भार पुढे पण आला. गुहेत घोंगडीवर झोपायला मला आवडतं हो, अजून झोपतो. आईला नाही नेता येत.

कायद्याचं. पुढचा लोखंडी बंपर मी आधीच काढलाय, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं आणि तरी मी तो पुढे दोन वर्षं मिरवला हे खरंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही वाचलेत, कंपनीने जशी बनवली त्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही हा त्याचा अर्थ. म्हणून चेसिसला कुठे वेल्डिंग नाही, भोक नाही, गाडी उंच करायचं लिफ्ट किट नाही. कॅनॉपी क्लॅम्पवर आहे, तंबू कॅरिअरवर, दोन्ही उतरतात आणि एरवी उतरवलेलेच असतात. इन्शुरन्सवाल्यांना कॅनॉपीचं लेखी कळवलंय. आरटीओच्या माणसाने तरीही अडवलं तर मी वाद घालणार नाही. पण एक बघा, या सगळ्यात मी कागदपत्रं सांभाळत बसलो आणि जे उघड उघड बेकायदा होतं, म्हणजे ओव्हरलोड, तेच करत होतो.

गावाला काय मिळतं, हा प्रश्न मी टाळणार होतो. रतनवाडीजवळच्या साम्रद गावात आम्ही एका घराच्या अंगणात गाडी लावतो, पार्किंगचे म्हणून शंभर देतो, आणि मग त्यांच्याच अंगणात पुण्याहून आणलेलं पनीर भाजत बसतो. त्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "भाकरी टाकू का?" आणि मी म्हटलं नको, आहे सगळं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते आठवलं आणि बरं नाही वाटलं. मागच्या शनिवारी गेलो तेव्हा फक्त चहा-साखर आणि आईचं खाणं नेलं. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, चौघांचे पैसे त्यांनी सांगितले त्यापेक्षा जास्त दिले तर त्यांनी परत केले. पनीरपेक्षा चांगलं जेवलो, हे वेगळं सांगायला नको.

तर हिशोब असा. विंच ३८ गेली, ड्रॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये पातळ प्लाय लावून परत बनवले ते २६ मध्ये बसले म्हणजे तिथे ३८ वाचले, पाणी निम्मं केलं (स्पितीत झरे आहेत, फिल्टर आहे), जॅक १३, किराणा-भांडी २० कमी. पाण्याची टाकी केबिनच्या मागच्या भिंतीला चिकटवून पुढे घेतली. काल परत काट्यावर गेलो, आरसीच्या वजनापेक्षा २० किलो कमी. काट्यावरचा मुलगा म्हणाला, "कांदा विकला वाटतं."

आता एक विचारायचं होतं काका. आमचा मेकॅनिक म्हणतोय मागे एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घे, गाडी बसणार नाही. माझं म्हणणं असं की पाटा वाढवल्याने आरसीवरचं वजन काही वाढत नाही, ब्रेक आणि अ‍ॅक्सल तेच राहतात, उलट रिकामी असताना गाडी उडेल आणि आईचे हाल होतील. तो ऐकत नाहीये. तुम्ही वीस वर्षं पाट्यांवर काढलीत, तुम्ही सांगाल तसं करतो. दोन्ही स्लिपांचे फोटो लेखात खाली टाकलेत, मागच्या अ‍ॅक्सलच्या आकड्याकडे जरा बघा.