मदर प्लांटची मर्जी

पेशींचं संवर्धन सोपं असतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पानाचा तुकडा घ्या, निर्जंतुक करा, पोषक माध्यमावर ठेवा, कॅलस, म्हणजे पेशींचा बेशिस्त गोळा, येतोच. माध्यमही तयारच आहे. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी बेतलेली क्षारांची यादी, तीत लिटरला ३० ग्रॅम साखर, सामू ५.८, मग घट्टपणासाठी आगर आणि निर्जंतुक करायला १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह. एवढं मी झोपेतही करेन. घोडं अडतं ते ज्या झाडाचं पान खुडायचं त्याच्यापाशी. त्याला आमच्यात मदर प्लांट म्हणतात.

शोधनिबंध उघडावा, तर संप्रेरकांचं कोष्टक दशांश चिन्हांसकट पानभर, आणि झाडाबद्दल एकच ओळ: ‘निरोगी झाडांची कोवळी पानं वापरली.’ अहो, निरोगी म्हणजे काय? कुठं वाढवलं, ऊन किती, पाणी कसं घातलं? याविषयी मौन. निम्म्या अपयशांचं मूळ या मौनात आहे, असं माझं ठाम मत आहे.

उघड्यावरच्या झाडाचं पान पावसाळ्यात आणलं की बुरशी फुकट मिळते. अल्कोहोल आणि हायपोक्लोराइटने वरची धुऊन निघते, पण आत दडलेले जिवाणू काही दिवस सभ्यपणे थांबतात आणि सगळं छान चाललंय असं वाटू लागलं की तुकड्याभोवती साय धरतात. म्हणून झाड आडोशाला ठेवायचं आणि पाणी मुळाशीच घालायचं. पानांवर शिंपडायचं नाही.

बरं, लाड करावेत तर तेही चालत नाही. प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्तिका उतरवलेल्या उघड्या पेशी, काढायचे असले आणि झाड भरपूर उजेडात मजेत वाढलेलं असलं, तर पानं स्टार्चने ठासून भरलेली असतात. सेंट्रिफ्यूज फिरला की जड स्टार्चकण पेशींचे नाजूक पडदे फाडतात. नळीच्या तळाशी पांढरा गाळ, वर हिरवट पाणी, प्रोटोप्लास्ट गायब. त्यामुळे आधी एक-दोन दिवस झाडाला अंधारात बसवायचं. तंबाखूची तऱ्हा तर आणखी निराळी: नायट्रोजनची उपासमार केली तर परागकोषांतून जास्त भ्रूण मिळतात! परागकोषांतून भ्रूण येतात हे शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी १९६४ साली दिल्लीत धोतऱ्यावर दाखवलं. तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या मागे योग्य वयाच्या कळ्या मापून निवडण्याचं शुक्लकाष्ठ लागलं.

सध्या माझ्याकडे मोहरीच्या कुळातलं रेपसीड आहे. कळ्या धरताना त्याला १०-१५ अंशांचा गारवा लागतो. आणि भ्रूण मिळवायला कळीतून काढलेल्या लघुबीजाणूंना, म्हणजे परागकण होऊ घातलेल्या पेशींना? ३२ अंशांचा उकाडा! शिवाय कळ्या पहिल्या बहरातल्याच हव्यात. झाड म्हातारं झालं की त्यांच्यात जीव उरत नाही.

परवा ग्रोथ चेंबरमध्ये, म्हणजे झाडांच्या त्या गार खोलीत, माळीकाका पंप घेऊन उभे.

“काका, या रांगेला फवारणी नको!”

“मॅडम, मावा पडलाय की.”

“फवारलं की माझे भ्रूण येत नाहीत.”

“आणि मावा राहिला तर?”

“तरीही येत नाहीत.”

काकांनी पंप खाली ठेवला. “मग हातानंच काढा.”

आता स्वेटर घालून कुडकुडत एकेका शेंड्यावरचा मावा मऊ ब्रशने झाडते आहे. झाडं मात्र मजेत आहेत.