आवाराखालचे ‘गुप्त भुयार’ आणि मेणबत्तीची परीक्षा

गेल्या आठवड्यात भाच्याच्या सॅकमध्ये टॉर्च, नायलॉनची दोरी आणि मेणबत्त्यांचे पाकीट सापडले, आणि चौकशी केल्यावर त्यामागे व्हॉट्सॲपवर फिरणारा तो संदेश निघाला. रत्नागिरीतील एका विद्यापीठाच्या आवाराखालून इंग्रजांचे भुयार थेट थिबा राजवाड्यापर्यंत जाते, परदेशातील विद्यार्थी अशा बोगद्यांत सर्रास हिंडतात, आणि ‘मेणबत्ती जळते तोवर हवा चांगली’, असे त्यात छातीठोकपणे लिहिले आहे. आवाराचे नाव मी मुद्दाम देत नाही.

राजवाड्याचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. ज्याला पळू द्यायचे नाही, त्याच्यासाठी पहारेकऱ्यांनीच पळवाट खणली, असे मानायला फार भाबडेपणा लागतो.

परदेशाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या इमारती एकाच बॉयलरघराच्या वाफेने उबदार ठेवतात, वाफेचे नळ माणूस चालू शकेल अशा बोगद्यांतून नेतात, आणि तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी असे कोपरे धुंडाळतात हेही खरे. संदेशातील फोटोतही जाड वेष्टण गुंडाळलेले तसलेच नळ आहेत. पण रत्नागिरीत वर्ग तापवायला वाफ कोणाला हवी आहे? मी महाविद्यालयात विजेच्या देखभालीची नोकरी केली आहे. तिथे फरशी उचलली की खाली चिऱ्यांनी बांधलेला कंबरभर खोल चर, त्यात केबली, आणि जूननंतर जांभ्यातून पाझरलेले पाणी, कुजलेला पाला नि एखादी कुर्ली, एवढेच निघत असे. खोल असतात ती सांडपाण्याची चेंबरे, आणि ‘भुयार’ म्हणून मुले शेवटी त्यांचीच झाकणे उचलणार.

म्हणूनच मेणबत्तीचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती हवा धोक्याची धरतात, आणि मेणबत्ती साधारण १६ टक्क्यांपर्यंत जळत राहते. म्हणजे ती विझेपर्यंत आत उतरलेल्याचे डोके चालेनासे झालेले असू शकते. कुजलेल्या घाणीतला हायड्रोजन सल्फाइड तर ज्योतीला कळतही नाही. त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास प्रमाण झाले की नाकाला येईनासा होतो, आणि वास गेला म्हणून मुले आणखी आत जातात. मिथेन ५ ते १५ टक्के असेल, तर हीच मेणबत्ती स्फोट घडवते.

‘एक मित्र वर ठेवा, हाक आली की तो उतरेल’ ही सूचना त्याहून वाईट. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ च्या इशाऱ्यात नोंदवले आहे की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते. आपल्याकडेही सेप्टिक टाकीच्या बातम्यांत एकामागून एक उतरलेलेच दिसतात.

“पण मामा, दोरी कमरेला बांधणार होतो ना,” असे भाच्याचे म्हणणे पडले. दोरी धरणारा मित्र त्याच्याच वर्गातला. मी दोघांना परसातल्या रिकाम्या टाकीत सिमेंटचे पन्नास किलोचे पोते सोडायला लावले आणि मित्राला एकट्याने ते वर ओढायला सांगितले. पोते तोंडाशी येऊन कडेला अडकले, आणि त्याच्या हातांवर दोरीचे वळ उठले.